बापांचा माघ

कारखान्याचे मालक रतिभाई वेकरियांनी पत्र्याच्या ट्रेला गुडघा लावला आणि पुन्हा एकदा जोर केला. ट्रे रॅकच्या तोंडात दोन बोटं शिरला, कुरकुरला आणि अडून बसला. आता तो आतही जाईना आणि बाहेरही येईना.

"जाईल," रतिभाई धापा टाकत म्हणाले. "कुसुमबेननी खाकरे लाटायच्या आधी बायकांकडून रोज शंभर जोर काढून घेतले, तर जाईल."

कोणी हसलं नाही. बेंडिंग मशीनवरचा रज्जाक हातमोजे काढून छताकडे बघत उभा होता. त्याच्या पायाशी सकाळपासून वाकवलेले बारा ट्रे एकावर एक रचलेले होते. मार्किंगच्या टेबलामागे नीपा मोजायचा व्हर्नियर हातात घट्ट धरून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

ट्रे अगदी साधा होता. तळ तीनशे मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीसच्या भिंती, पुढून-मागून मोकळा, म्हणजे खाकऱ्यांची चळत न मोडता सरकवता यावी. कुसुमबेन वासांच्या खाकरागृहासाठी असे एकशेवीस करायचे होते. ते ज्यात बसायचे ती रॅक मागच्या आठवड्यातच तयार झाली होती आणि तिचा खण तीनशे एकचा होता. बाराच्या बारा ट्रे भरले तीनशे दोन.

"दोन एमेम जास्त," रतिभाई म्हणाले. "म्हणजे पत्रा दोन एमेम मोठा कापलास तू."

"नाही, रतिभाई. तीनशे शहात्तर पूर्णांक पाच. मी स्वतः मोजून दिला."

"मग हे वरचे दोन एमेम कुठून आले? मामाच्या घरून?"

मापाच्या प्रश्नावर अडायची नीपाला सवय नव्हती. तिचे वडील पत्र्याच्या पेट्या करत. लहानपणी ती पत्र्याच्या खडखडाटातच झोपायची. आयटीआयला गेल्यावर तिला कळलं की जे वडील अंदाजाने करतात त्याचा हिशेबही असतो. पत्रा वाकतो तेव्हा कोपऱ्यात जरा ताणला जातो, म्हणून बाहेरून मोजलेल्या बाजूंची बेरीज मुळातल्या सपाट तुकड्यापेक्षा थोडी जास्त भरते. किती जास्त, ते पत्र्याच्या जाडीवर आणि खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर ठरतं. या पत्र्याला दर बेंडमागे पावणेदोन. चाळीस, तीनशे आणि चाळीस मिळून तीनशे ऐंशी, त्यातून दोन बेंडचे साडेतीन वजा. पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन तिने आईच्या मसाल्याच्या डब्याचंही कटिंगचं माप काढलं होतं.

या कारखान्यात हे काम चाळीस वर्षं ओधवबापा करत आले होते आणि त्यांनी कधी वजाबाकी केली नव्हती. ते एक पट्टी कापत, वाकवत, मोजत, मान हलवत आणि दुसरी कापत. तिसरी किंवा चौथी बरोबर यायची. मग ते माप लाल कापडाच्या वहीत जायचं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, सोमवारी पहिलं ऑपरेशन होतं. नीपाला आणलं होतं तेही त्यांनीच. आयटीआयच्या मास्तरांसमोर जाऊन ते म्हणाले होते, "मला चांगले डोळे असलेलं एक माणूस द्या. अक्कल मी घालतो."

तीन महिन्यांत नीपाचं एकही माप चुकलं नव्हतं. पट्ट्यांची रास लागायची बंद झाली होती. रतिभाई खूश होते आणि नियमाप्रमाणे ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सोमवारपासून मार्किंगचं टेबल तिचं, एवढंच ठरायचं बाकी होतं. त्यात आज हे झालं.

"सरका जरा," कोपऱ्यातून आवाज आला.

ओधवबापा स्टुलावरून उठले. डोळे गेल्यापासून ते वस्तूंना हात लावत लावत चालत, पण कान मात्र अजून असे होते की पत्रा जमिनीवर पडला की आवाजावरून ते त्याची जाडी सांगत. त्यांनी वरचा ट्रे उचलला, भिंतीवरून अंगठा फिरवला आणि हसले.

"पोरगी माघ विसरली," ते म्हणाले.

"अरेच्चा!" रतिभाईंनी कपाळावर हात मारला. "माघ लागला की."

बापांचा माघ म्हणजे पंचांगातला नव्हे. तो विश्वकर्म्याच्या तेरशीला, म्हणजे त्रयोदशीला लागायचा आणि पाऊस पडेपर्यंत चालायचा. थंडीने पत्र्याचं अंग आखडतं, ते पावसाची ओल लागल्याशिवाय सुटत नाही, म्हणून एवढ्या काळात भिंत एका मिलिमीटरने कमी भरते, असा बापांचा तीस वर्षांचा अनुभव होता. त्यावर उपाय एकच, मशीनचा काटा एक घर पुढे लावायचा. लाल वहीत प्रत्येक मापापुढे दोन आकडे होते, एक नुसता आणि एक माघाचा. हे शास्त्र बापांपुरतं राहिलं नव्हतं. तेरस झाली की गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांतून माणसं काटा विचारायला येत, आणि सगळ्यांना त्याचा पडताळा येई. समोरचे धनजीभाई तेवढे दर वर्षी चार पत्रे वाया घालवून मग उशिरा यायचे.

"बापा," नीपा म्हणाली, "पत्र्याला महिना कसा कळेल?"

"कोंबड्याला पहाट कशी कळते?"

"कोंबडा जिवंत असतो."

"चाळीस वर्षं हाताखाली असलेला पत्रापण जिवंतच असतो, दीकरी. रज्जाक, काटा एक्केचाळीसवर घे."

रज्जाकने हातचाक फिरवलं. मशीनच्या मागे दोन लोखंडी बोटं असतात, पत्रा पुढून सरकवला की तो त्यांना टेकून थांबतो. चाक फिरलं की ती बोटं पुढे-मागे होतात आणि किती झाली ते समोरचा काटा दाखवतो. नीपाने कापलेलाच एक तुकडा रज्जाकने आत सरकवला, पायपट्टी दाबली, उलटा केला, पुन्हा दाबली. बापांनी तो ट्रे दोन्ही हातांनी रॅकपाशी नेला आणि खणात ढकलला. तो सर्रकन आत गेला आणि मागच्या पत्र्यावर आपटून टणकन वाजला.

रज्जाकने टाळी वाजवली. रतिभाईंनी खणातला ट्रे तीनदा बाहेर काढून तीनदा आत घातला. मग ते नीपाकडे वळले.

"बघ, पोरी. रागावून बोलत नाही. पण बापांचा माघ तुझ्या हिशेबात नाही, आणि काम तर माघातपण करायचंय. सोमवारपासून टेबलावर बापांची वही राहील. रज्जाक बघून घेईल. तू पुढच्या ऑफिसात बस, माल पाठवायच्या पावत्या लिही. पगार तोच."

"पण रतिभाई—"

"पाचला कुसुमबेन येतायत. तोपर्यंत तुझ्या पुस्तकात माघ कुठे लिहिलाय ते दाखव. तुझं टेबल तुला."

ते गंमतीत बोलल्यासारखं बोलले, पण गंमत नव्हती ती. नीपाने मान खाली घातली. पावत्या लिहायला तिला कोणी आयटीआयला पाठवलं नव्हतं.

एक वाजला आणि शटर खाली आलं. एक ते चार रतिभाई घरी झोपत. कारखान्याला आग लागल्याचं कळवायचं असलं तरी ते चारनंतर कळवावं लागलं असतं. कटिंगवरची पोरं सायकली काढून गेली. बापांनी लसणाच्या चटणीशी बाजरीचा रोटला खाल्ला, वर ताक प्यायले, डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि लाल वही उशाला घेऊन भिंतीकडच्या खाटेवर आडवे झाले. त्यांची सून दुपारी टीव्ही मोठ्याने लावते म्हणून ते घरी जात नसत. रज्जाकने पुठ्ठे अंथरले आणि तोंडावर रुमाल टाकला.

नीपाने डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग ती बारा वाया गेलेल्या ट्रेंपाशी फतकल मारून बसली. एक ट्रे मांडीवर घेऊन तिने आधी तळ मोजला. तीनशे दोन. तो सकाळपासून सगळ्यांनीच मोजला होता. मग तिने भिंत मोजली, जी बापांनी अंगठ्याने पाहिली होती. एकोणचाळीस. दुसरीही एकोणचाळीस. पुठ्ठ्याचा एक तुकडा ओढून तिने मार्करने आकडे मांडले आणि सवयीने खाली रेघ ओढून बेरीज केली. तीनशे ऐंशी.

ती बेरजेकडे बघत राहिली. मग उठून रॅकमधला तो एकुलता एक चांगला ट्रे काढून आणला. चाळीस, तीनशे, चाळीस. तीनशे ऐंशी.

"पत्रा आखडलाच नाही," ती पुटपुटली. शांत दुपारी तेवढंही मोठ्याने वाटलं, म्हणून तिने तोंडावर हात ठेवला.

पत्रा आखडला असता तर बेरीज घटली असती. तो मोठा कापला असता तर बेरीज वाढली असती. दोन्ही ट्रे एकाच मापाच्या तुकड्यांचे होते, फक्त वाकले होते वेगळ्या जागी. तिचा आकडा बरोबर होता. काटा चाळीस दाखवत असताना पत्रा एकोणचाळीसवर थांबत होता, एवढंच. म्हणजे त्याला मध्येच कोणीतरी अडवत होतं.

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि ती मशीनच्या मागे गेली. तिथे कोणी फारसं जात नसे. तेलाची डबडी, तुटका पंखा आणि मांजराचं अंथरूण, एवढीच वस्ती होती. लोखंडी बोटं खालच्या बाजूला होती. ती वाकली. दोन्ही बोटांना लाल दोरा बांधलेला होता, पूजेला असतो तसा, शेजारी शेजारी पाच वेढे, मागे नीटनेटकी गाठ. परवाच्या तेरशीच्या पूजेतला असणार, दोन दिवसांतच तो तेलाने काळपट झाला होता. जिथे पत्रा येऊन टेकतो नेमका तिथे वेढ्यांवर बारीक खाच पडली होती. नीपाने व्हर्नियर लावला. दोरा दाबून धरला तरी एक मिलिमीटर.

"रज्जाकभाई," ती येऊन हळूच म्हणाली. "झोपलात?"

"हो," रुमालाखालून उत्तर आलं.

"मागच्या बोटांना दोरा आहे."

"असणारच. बापांनी तेरशीला बांधला. ते म्हणतात, मशीनचे हात आहेत ते. रक्षेचा दोरा हातालाच बांधायचा असतो."

"तुम्ही पाहिला होता?"

"बेन, अठरा वर्षं या मशीनवर आहे. तिला शिंक आली तरी मला कळते."

"मग काढला का नाहीत?"

रुमाल जरा वर झाला आणि एक डोळा दिसला. "तुमच्या देवाचा दोरा मी काढू? आणि तो हाताने काढायचा नसतो. आपोआप गळला पाहिजे. बापांनी पहिल्याच वर्षी बजावलंय मला."

"गळतो कधी?"

"पावसाच्या सुमाराला. तेलाने कुजतो, आणि एक दिवस पत्र्याला चिकटून बाहेर येतो."

"आणि बापांचा माघ कधी संपतो?"

"तो पण पावसाच्या..." रज्जाक बोलायचा थांबला. मग तो सावकाश उठून बसला. त्याने नीपाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. "या अल्ला," तो कुजबुजला. "अठरा वर्षं!"

त्याचे खांदे हलायला लागले. त्याने रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला, पण हसू नाकावाटे येत राहिलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याला बघून नीपालाही हसू फुटलं. दोघं खाटेकडे बघत, एकमेकांना गप्प राहा अशा खुणा करत बराच वेळ हसत राहिले. बापा आडवे होते, छाती वर-खाली होत होती.

"पण सगळ्या गल्लीत पडताळा येतो तो?" रज्जाकने डोळे पुसत विचारलं.

"गल्लीत तेरशीला मशीनच्या बोटांना दोरा बांधायला कोणी शिकवलं?"

"बापांनीच," रज्जाक म्हणाला, आणि पुन्हा रुमाल तोंडात कोंबला.

मग हसू ओसरलं. रज्जाकने विचारलं, "आता? चारला शेठना सांगणार?"

नीपाची नजर टेबलावरच्या कात्रीकडे गेली.

"मी तर झोपलोय," रज्जाक म्हणाला. "मी काहीच ऐकलं नाही." तो पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि तोंडावर रुमाल ओढून घेतला.

नीपा पट्ट्या कापायची कात्री घेऊन मशीनच्या मागे गेली. दोन वेळा कट् केलं असतं तर काम झालं असतं. काटा चाळीसवर, ट्रे खणात, टेबल तिचं. रतिभाई हे चहाच्या टपरीवर सांगतील, टपरीवाला गल्लीभर सांगेल, आणि सोमवारी बापा डोळ्याला पट्टी बांधून घरी बसलेले असताना सगळी गल्ली हसत असेल. तिने खाटेकडे पाहिलं. बापांचं तोंड किंचित उघडं होतं. खिशातून थेंबांची बाटली डोकावत होती. वहीचं लाल कापड कोपऱ्यांवर विरलं होतं. याच माणसाने पहिल्या दिवशी तिला स्वतःचं स्टूल दिलं होतं आणि तीन दिवस उभ्याने काम केलं होतं, दुसरं स्टूल येईपर्यंत.

तिने कात्री जागेवर ठेवली. टेबलाशी बसून तिने स्वतःच्या आकड्यांचा कागद ओढला आणि शेवटी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'माघ: काटा एक जास्त'. अक्षर छान आलं. तिला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला रागही आला. पावत्या तर पावत्या, असं म्हणून तिने हातांवर डोकं टेकलं. ती दुपारी कधी झोपत नसे. त्या दिवशी झोपली.

शटरच्या खडखडाटाने ती दचकून उठली. चार वाजले होते. रतिभाई भांग पाडून, ताजे होऊन आत येत होते. गल्लीत चहाच्या कपांचा आवाज सुरू झाला होता. ओधवबापा मशीनसमोर उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखले होते.

"रज्जाक, काटा चाळीसवर घे," ते म्हणाले.

रज्जाकने नीपाकडे पाहिलं. नीपाने डोळे मोठे करून नकारार्थी मान हलवली, मी काही बोलले नाही अशा अर्थाने. रज्जाकने चाक फिरवलं.

"चाळीस?" रतिभाई म्हणाले. "बापा, माघ आहे ना?"

"तू चाळीसवर बघ तर."

पत्रा आत गेला, वाकला, उलटा झाला, पुन्हा वाकला. बापांनी ट्रे उचलून नीपाच्या हातात दिला. तिने तो रॅकपाशी नेला. घाईत पहिल्यांदा तो जरा वाकडा लागला. मग तिने तो सरळ धरला आणि तो सर्रकन आत जाऊन टणकन वाजला.

रतिभाई जवळ आले. त्यांनी ट्रे बाहेर काढला, आत घातला, खणात डोकं घालून पाहिलं. "हे कसं झालं?"

"यंदा माघ लवकर संपला," बापा म्हणाले.

"अहो, पाऊस तर लांबच, पंचांगातलापण अजून पंधरा दिवस आहे!"

"पंचांग छापणाऱ्याला पत्र्यातलं काय कळतं?" बापांनी चिंधीने हात पुसायला घेतले, एकेक बोट करत. "मुलीचा हिशेब बरोबर होता, रती. सकाळीपण बरोबर होता. मी घाई केली. वहीतल्या माघाच्या आकड्यांवर रज्जाक रेघ मारेल आता."

"तीस वर्षांच्या?"

"रेघ मारायला काय लागतं? पट्टी आणि पेन."

रतिभाईंनी डोकं खाजवलं. त्यांना समजलं काहीच नव्हतं, पण एकशेवीस ट्रे बसणार एवढं समजलं होतं आणि त्यांना तेवढं पुरे होतं. "मग सोमवारी टेबलावर कोण?" ते आपल्याशीच म्हणाले, आणि नीपाकडे बघून त्यांनी हात झटकला. "बस बाई, तूच बस. पावत्यांचं माझं मी बघतो."

रज्जाक एकदम खोकायला लागला आणि हातमोजे शोधायच्या निमित्ताने मशीनमागे गेला. तिथून त्याने नीपाकडे बघून दोन बोटं वर केली आणि मशीनची बोटंही तशीच नागडी आहेत अशी खूण केली. नीपा टेबलाशी आली. तिथे तिचा व्हर्नियर होता. झोपण्यापूर्वी तिने तो कागदावर आडवा ठेवला होता, आता तो डबीत नीट बसवलेला होता. त्याच्या शेपटाकडच्या टोकाला लाल-काळपट दोरा बांधला होता. पाच वेढे, मागे नीटनेटकी गाठ. जबड्यांपासून लांब, मापाच्या वाटेत कुठेच येणार नाही असा.

तिने तो बोटाने चाचपला. दिसत नसलेल्या डोळ्यांनी, जो हाताने काढू नये तो दोरा हाताने काढायला या माणसाला किती वेळ लागला असेल, आणि आपण तेव्हा घोरत होतो, हे मनात येऊन तिला भरून आलं. बापांचे कान शाबूत आहेत हे दुपारी ती आणि रज्जाक दोघंही विसरले होते.

कुसुमबेन पाचला आल्या तेव्हा तीस ट्रे तयार होते. त्यांनी एका बोटाने एक ट्रे ढकलला, तो आत गेला, "वा" म्हणाल्या आणि सगळ्यांसाठी आणलेली खाकऱ्यांची पिशवी ठेवून गेल्या. रतिभाईंनी आनंदाच्या भरात गाठिये मागवले. ते ठेवायला वाया गेलेल्या बारांपैकी एक ट्रे घेतला आणि त्यात गाठिये, तळलेल्या मिरच्या आणि पपईचा कीस असा सगळा थाट मांडला. तीनशे दोनचा असला तरी त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. सगळे ट्रेभोवती उकिडवे बसले. बापांनी चहा बशीत ओतला.

एवढ्यात समोरचे धनजीभाई घाईघाईने आत आले. त्यांच्या हातात एक वाकवलेला तुकडा होता आणि चेहरा रडवेला होता.

"बापा, वाट लागली. चार पत्रे गेले. तेरशीला पूजा करून दोरापण बांधला, पण माघ लागल्याचं ध्यानातच राहिलं नाही बघा. काटा एक वाढवायचा ना?"

रज्जाकने तोंडात मिरची कोंबली. रतिभाई काही बोलायला गेले, पण त्यांच्या तोंडात गाठिया होता. बापा बशीत बघत राहिले.

"मला नको विचारू आता," ते म्हणाले. "टेबल तिचं आहे. तिला विचार."

धनजीभाई नीपाकडे वळले. नीपाने त्यांच्या हातातला तुकडा घेतला, दोरा बांधलेला व्हर्नियर उघडला आणि भिंत मोजली. ती एका मिलिमीटरने कमी होती. तिने मान वर केली. सगळे तिच्याकडे बघत होते, एक बापा सोडून.

"एक वाढवा, काका," ती म्हणाली. "पाऊस येईपर्यंत. बापांचा माघ चुकत नाही."

"बघा! मी तेच म्हणत होतो," असं म्हणून धनजीभाई मूठभर गाठिये घेऊन आले तसे पळाले.

"अरे पण आत्ताच तर म्हणालात संपला म्हणून," रतिभाई गाठिया गिळून म्हणाले.

बापांनी बशी तोंडाला लावली होती. चहा केव्हाच संपला होता, तरी त्यांनी ती बराच वेळ खाली ठेवली नाही.